कुरडयांचं कीर्तिमुख

आमच्या कळंब तालुक्यात राजहंस नाहीत. कधी होते असंही कुणी म्हणत नाही. तळ्यात पाणी असलं तर बगळे येतात, नसलं तर तेही येत नाहीत. तरीही इथल्या प्रत्येक लग्नात मी राजहंस पाहिले आहेत, आणि तेही जोडीनं. ते थर्माकोलचे असतात, आरशाच्या तळ्यात माना वाकवून बसलेले असतात आणि शेजारी एक जलपरी असते. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलाय, पण जलपरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यामागे पाच मजली महाल असतो, त्याला जिना नसतो. महालापुढे सूर्याचा रथ असतो, त्याचा एक घोडा हमखास आडवा पडलेला असतो. आणि या सगळ्याच्या पुढ्यात सोनेरी अक्षरांचं कार्ड असतं : ‘वधूच्या हस्तकलेचे नमुने’.

याला रुखवत म्हणतात. मुलीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू सासरच्यांनी बघाव्यात म्हणून लग्नात मांडायच्या, अशी ही जुनी रीत. बघून झालं की सासरचे लोक त्या वस्तू घरी घेऊन जायचे. आता मुली शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांना वेळ नसतो. म्हणून कळंबमध्ये रुखवत भाड्यानं मिळतं. सकाळी टेम्पोतून राजहंस येतात, संध्याकाळी परत जातात. कार्डही त्यांच्याबरोबरच येतं आणि जातं. पुराणांनी कल्पनेला बरीच मोकळीक दिली होती, पण एकच रथ एका हंगामात तालुक्यातल्या सगळ्या वधूंनी आपापल्या हातांनी बनवावा, इथवर तीही पोचली नव्हती.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भाड्याचं रुखवत येणार हे मी गृहीत धरलं होतं. भाऊ शाळेत क्लार्क आहे आणि त्याला समारंभाची आवड आहे. घरात नवीन मिक्सर आला तरी तो फीत कापतो. त्यानं साखरपुड्यातच पाहुण्यांना सांगून टाकलं, ‘‘रुखवत बघत राहाल असं करू.’’ पाहुणे मुरुमकडचे, व्यापारी घर. त्यांनी माना डोलावल्या.

पुतणी यावर बोलली ती चैत्रात, वाळवणाच्या वेळी.

भावाच्या गच्चीवर धोतरं अंथरून कुरडया घालणं चालू होतं. माझी भावजय आणि पुतणी गव्हाचा शिजवलेला चीक सोऱ्यात भरून गोल गोल पाडत होत्या. मी सावलीत पेपर वाचत बसलो होतो. या कामात पुरुषांनी एवढीच मदत करायची असते. थोड्या वेळानं पाहिलं तर पुतणीच्या हाताखालच्या कुरडया गोल नव्हत्या. लांब, नागमोडी, टोकाला वळलेल्या होत्या.

‘‘हे काय करायलीस?’’

‘‘आयाळ.’’

‘‘कुणाची?’’

‘‘उंबऱ्यावरल्याची,’’ ती म्हणाली.

गावाबाहेर महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. त्याच्या उंबऱ्यावर एक तोंड कोरलेलं आहे. बटबटीत डोळे, सुळे, विस्फारलेली आयाळ, आणि मानेखाली काहीच नाही. त्यावर पाय द्यायचा नाही एवढं गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. ते कुणाचं तोंड हे कुणी सांगत नाही. पुतणी लहान असताना तिनं विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केल्यानं मला कुणी काही विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट अशी. शंकराला एकदा राग आला आणि त्या रागातून एक भुकेला राक्षस निघाला. राग ज्याच्यावर होता तो लगेच पाया पडला. प्रकरण मिटलं. पण राक्षस तर उभाच होता, आणि भुकेला होता. त्यानं विचारलं, ‘आता मी काय खाऊ?’ वरून हुकूम आला, ‘स्वतःला खा.’ त्यानं शेपटीपासून सुरुवात केली. पाय, पोट, छाती, सगळं खाल्लं. तोंड तेवढं उरलं, कारण तोंडानं तोंड खाता येत नाही. एवढी आज्ञाधारकता पाहून देव प्रसन्न झाले, त्याला कीर्तिमुख असं नाव दिलं आणि दारावर कायमची नेमणूक केली. वरिष्ठांनी सहज बोललेलं शब्दशः अमलात आणणारा तो पहिला कर्मचारी असावा. मानपत्र मिळालं, पण ते घालायला खिसा उरला नव्हता.

‘‘मी तो करणार,’’ पुतणी म्हणाली. ‘‘वाळवणाचा. रुखवतात ठेवायला.’’

पुढच्या आठवड्यात तो गच्चीवर आकाराला आला. सुपावर तोंड. सुपाऱ्यांचे डोळे, तांदळाच्या पिठाचे सुळे, वाळलेल्या लाल मिरचीची जीभ आणि भोवती कुरडयांची आयाळ. हे ठीक होतं. पण सुपामागं तिनं दोन दुरड्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर उडदाचे पापड खवल्यांसारखे दोऱ्यानं बांधायला सुरुवात केली. शेवयांच्या जुड्यांचे चार पाय झाले. कुरडयांची पीळदार शेपटी झाली, तिच्या टोकाला सांडग्यांचा गोंडा.

मला राहवलं नाही. ‘‘हे शास्त्राला धरून नाही. कीर्तिमुखाला धड नसतं. देशभरात कुठल्याही देवळावर बघ.’’

‘‘काका, देवळावरचा जेवल्यानंतरचा हाय,’’ ती पापड बांधत म्हणाली. ‘‘माझा जेवायच्या आधीचा.’’

याला उत्तर आहे असं मला अजूनही वाटतं. 

भाऊ गच्चीवर आला, त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘राक्षस?’’

‘‘कीर्तिमुख,’’ मी म्हणालो.

‘‘दादा, तू मधी पडू नको. शुभकार्यात राक्षस? सोयरे काय म्हणतील? पोरगी द्यायलाव का पोरीसंगं राक्षस बी?’’

‘‘राक्षस म्हणूच नका की,’’ भावजय म्हणाली. कुरडयांचा चीक तिच्या हातचा होता. ‘‘सिंह म्हणा.’’

‘‘सिंहाचं पोट पापडाचं असतं व्हय?’’

‘‘बाबा, थर्माकोलचं चालतंय, मग पापडाला काय झालं?’’ पुतणी म्हणाली. भावानं त्याकडे दुर्लक्ष केलं. त्यानं कळंबला सांगून ठेवलं होतं. राजहंस, महाल, जलपरी, शिवाय यंदा नवीन आलेला लाइटचा धबधबा.

पुतणी खाली बसली होती ती उठली. आवाज चढवला नाही. ‘‘बाबा, ते सगळं आणा. पण त्या कार्डावरची वधू मीच असणार. मी तिथं हळद लावून बसणार आणि लोक येऊन म्हणणार, पोरीनं काय छान केलंय. मी मान खाली घालायची आन गप बसायचं. त्या टेबलावर माझ्या हातचं एक तरी असू द्या. मग बाकीचं तुमचं किती का खोटं असंना.’’

 भावजयीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘‘जागा उरली तर ठेवू.’’ आमच्या घराण्यात हा नकाराचा सभ्य प्रकार आहे. पण मुलीनं तो शब्द म्हणून घेतला.

लग्न वैशाखात होतं, कळंब रस्त्यावरच्या कार्यालयात. सकाळी मी स्वतः तो राक्षस जीपच्या मागच्या सीटवर, उशांमध्ये बसवून नेला. भाड्याचं रुखवत आधीच येऊन मांडलं गेलं होतं. टेबलावर जागा उरली नव्हती. जलपरीला थोडं सरकवता आलं असतं, पण रुखवतवाला म्हणाला, ‘‘तिला हलवू नका, शेपूट सुटंल.’’ भाऊ म्हणाला, ‘‘सध्या कोठीत ठेव, नंतर बघू.’’ कोठी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली सामानाची खोली. मी एका कोपऱ्यात, तांदळाच्या पोत्यांवर, चादर घालून तो ठेवला. चादर मीच घातली, माशा बसू नयेत म्हणून. पुढचं बरंचसं त्या चादरीमुळं झालं.

अक्षतांच्या आधी सत्कार झाले. आमच्याकडे लग्न हा सत्कारांच्या मध्ये उरकून घ्यायचा विधी आहे. आजी, माजी, भावी, सगळ्यांना फेटे बांधले गेले. माइकवरच्या माणसाला भावानं खास सांगून ठेवलं असावं, कारण सत्कार संपल्यावर त्यानं रुखवताचं वर्णन सुरू केलं. ‘‘वधूच्या कोमल हातांनी साकारलेले हे राजहंस जणू मानससरोवरातून थेट आपल्या भेटीला आले आहेत!’’ ते थेट आले नव्हते. आदल्या दिवशी येरमाळ्याला एका लग्नात होते. मी पुतणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. सगळ्यांना ती लाजतेय असं वाटलं.

अक्षता पडल्या आणि मंडपातून माणसं जेवणाच्या हॉलकडे वळली. मुरुमची मंडळी कळवलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त आली होती. यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे कुणीच कळवल्याएवढं येत नाही, आणि कुणीच जेवण थोडकं करत नाही. पण या वेळी अंदाज चुकला. भाऊ हातवारे करत स्वयंपाकघराकडे धावताना मला दिसला.

पंगत उठू लागल्यावर बायका रुखवत बघायला आल्या. सगळ्यांत पुढे नवरदेवाची आत्या. वयानं साठीच्या पुढे, नाकात मोठी नथ, आणि नजर अशी की दुकानदार आपण होऊन भाव कमी करत असावेत. तिनं महाल बघितला, जलपरी बघितली, धबधब्याखाली बोट धरून तो ओला नाही याची खात्री केली आणि राजहंसापाशी थांबली. वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

भाऊ लगबगीनं पुढे आला. ‘‘कसं वाटलं, आत्याबाई?’’

‘‘पोरगी लई हुशार हाय, पाव्हणं.’’

‘‘व्हय तर! लहानपणापासून कलेची आवड.’’

‘‘आमच्या भाचीनं बी आपल्या लग्नात अस्संच रुखवत केलं व्हतं. दिवाळीनंतर. अगदी अस्संच.’’

‘‘योगायोग असतोय,’’ भाऊ म्हणाला.

‘‘त्या हंसाची चोच आमच्या हातनं मोडली व्हती. म्या नेलपॉलिशनं चिकटवली. गुलाबी.’’ तिनं हंसाची मान भावाकडे वळवली. ‘‘ही बगा, हितं. तुमच्या पोरीनं गुलाबी रेघ सुद्धा तशीच काढलीय. लई बारीक नजर हाय हं.’’

भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. माझ्या भावाची अशी अवस्था मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. आत्याबाईंनी स्वतःच्या भाचीचंही भाड्याचं होतं हे एका दमात कबूल केलं होतं आणि तरीही हरला होता तो फक्त माझा भाऊ. हे काही थोरांनाच जमतं.

‘‘आता बगा,’’ आत्याबाई खुर्ची ओढून बसल्या, ‘‘चोचीचं जाऊ द्या. पोरीनं सोताच्या हातानं काय केलंय ते दाखवा. काय बी असू द्या. हातरुमाल असंल तरी चालंल. रीत हाय, म्हणून म्हणते.’’

भावजय माझ्याकडे बघू लागली. दूर स्टेजवर बसलेली पुतणीही.

‘‘आहे,’’ मी म्हणालो. ‘‘आणतो.’’

कोठीत गेलो तर पोत्यावरची चादर घडी करून ठेवलेली होती. एक दुरडी, म्हणजे राक्षसाचं पोट, खाली जमिनीवर उताणी होती आणि तिच्यात बुंदी होती. दुसरीत भाकरी. पोत्यावर भिंतीला टेकून एकटं सूप उभं होतं. डोळे, सुळे, जीभ, आयाळ. मानेखाली काहीच नाही.

‘‘इथला राक्षस कुठं गेला?’’ मी आचाऱ्याला विचारलं.

‘‘कोणता राक्षस, मामा? हितं वाळवण व्हतं, झाकून ठिवलेलं.’’

‘‘ते कुठंय?’’

‘‘तळलं की. पंगतीत ताटाला लावायला काही उरलं न्हाय, म्हणून नवरीच्या बापाला विचारलं. त्ये म्हणले, जे हाय ते तळा, वऱ्हाड उपाशी उठता कामा न्हाय.’’

‘‘शेवया?’’

‘‘लेकरांना खीर केली.’’

‘‘आणि हे?’’ मी सुपाकडे बोट केलं.

आचाऱ्यानं कढईतला झारा वर धरला. ‘‘ह्ये बी घेणार व्हतो. पण डोळे वटारून बघायलंय. हात लावायचं मन झालं न्हाय.’’

मी माझ्या आयुष्यात दंतकथांवर बरंच वाचलं आहे. त्यांचा अर्थ काय, त्या कुठून आल्या, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण दंतकथा एखाद्या कार्यालयाच्या कोठीत, आचाऱ्याच्या हातून, वरून आलेल्या हुकमानुसार, शेपटीपासून सुरू होऊन पुन्हा जशीच्या तशी घडली, असं उदाहरण माझ्या वाचनात नव्हतं.

सूप दोन्ही हातांत धरून मी आधी स्टेजवर गेलो. तिची वस्तू होती, आधी तिला सांगायला हवं होतं. मुंडावळ्यांच्या आडून तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

‘‘बाकीचं?’’

‘‘पंगतीत गेलं. पायांची खीर झाली.’’

तिचे डोळे भरून आले. शेजारी नवरदेव गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मला वाटलं, हे सूप इथंच ठेवून आपण निघून जावं.

‘‘कुणी सांगितलं तळायला?’’ तिनं विचारलं.

‘‘तुझ्या बाबांनी. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. जे आहे ते तळा, असा वरून हुकूम आला.’’

ती थोडा वेळ सुपाकडे बघत राहिली. मग तिच्या मुंडावळ्या हलू लागल्या. मला आधी ती रडतेय असं वाटलं. ती हसत होती, आणि ते थांबवण्याचा प्रयत्न करत असल्यानं आणखी हसत होती.

‘‘म्हणजे काका, आता शास्त्राला धरून झालं.’’

‘‘तंतोतंत,’’ मी म्हणालो.

‘‘मग न्या की. ठेवा टेबलावर.’’

ती उठली. नवरीनं स्टेज सोडून यायचं नसतं, पण ती शालूचा घोळ सावरत माझ्यामागं आली. मी राजहंसांची जोडी बाजूला केली. रुखवतवाला ‘अहो अहो’ म्हणाला. मधोमध सूप ठेवलं. थर्माकोलच्या त्या सगळ्या देवलोकात तेवढीच एक वस्तू कुणाकडे तरी बघत होती.

‘‘ह्ये काय म्हणायचं?’’ आत्याबाईंनी विचारलं.

भाऊ घाईनं म्हणाला, ‘‘सिंह.’’

‘‘राक्षस हाय, आत्या,’’ पुतणी म्हणाली आणि तिनं गोष्ट सांगितली. उंबऱ्यावरचं तोंड, भूक, हुकूम, सगळं. माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितली. बायका जवळ आल्या. माइकवाल्यानंही माइक बंद केला.

‘‘आन त्यानं खाल्लं? सोताला?’’

‘‘दगडावरल्यानं सोता खाल्लं. ह्याचं पोट, पाय, शेपूट तुम्ही खाल्लंय. मघाशी, पंगतीत.’’

भावानं डोळे मिटून घेतले. आत्याबाई सुपाकडे बघत राहिल्या, जिभेनं दाढेत अडकलेलं काहीतरी काढलं, आणि म्हणाल्या, ‘‘तरीच. म्हणलं आचाऱ्याच्या हातचा पापड एवढा खुसखुशीत न्हाय लागायचा.’’

मग त्यांनी एका सुळ्याला हळूच बोट लावून बघितलं, आयाळीची एक कुरडई उन्हाकडे धरून ती किती पारदर्शक आहे ते तपासलं. ‘‘चीक कुणी काढला?’’

‘‘आईनं. पाडल्या मी.’’

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. आमच्या भागातल्या सासरी याहून मोठं मानपत्र दिलं जात नाही.

संध्याकाळी पाठवणीच्या आधीच टेम्पो येऊन लागला. रुखवतवाल्यानं महाल मजल्यामजल्यानं उतरवला, धबधबा गुंडाळला, हंस जुन्या वर्तमानपत्रात बांधले. जलपरीचं शेपूट सुटलंच. शेवटी कार्ड उचललं, पुसलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं, उद्या भूमला लागणार होतं. सासरच्यांनी रुखवत घरी न्यायचं, ही रीत निभावण्यासाठी टेबलावर एकच वस्तू उरली होती. आत्याबाईंनी ती कुणाच्या हातात दिली नाही. मुरुमपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या, असं नंतर कळलं. खड्ड्यांत गाडी आदळली की ड्रायव्हरला ओरडायच्या, ‘‘हळू! राक्षस हाय मांडीवर.’’

भाऊ आता ही हकीकत लग्नाकार्यात सांगतो. त्याच्या सांगण्यात राक्षसाची कल्पना त्याची असते आणि पंगतीत तळण्याचा निर्णयही पूर्वनियोजित असतो. पुराणांत इतके पाठभेद का आहेत हे मला त्याचं ऐकताना समजतं.

श्रावणात पुतणीचा फोन आला. सासरची विचारपूस झाली. मग मी विचारलं, ‘‘तुझा राक्षस कसा आहे?’’

‘‘स्वयंपाकघराच्या दारावर हाय, काका. आत्यांनीच खिळा ठोकून घेतला. मुंग्या लागल्यात. एक सुळा खाल्ला.’’

‘‘मग उतरवा की.’’

‘‘आत्या म्हणत होत्या, उरलंय तेवढं तळू. मी म्हणलं, हात लावायचा न्हाय. येणारा प्रत्येकजण विचारतोय, ह्ये काय म्हणून.’’

‘‘खाली कार्ड लावलंय का?’’

‘‘कशाला?’’ ती म्हणाली. मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं. ‘‘इथं सगळ्यांना माहितंय, कुणी केलंय ते.’’